निरगाठ की सुरगाठ?

गेले तीन आठवडे आमच्या घरात एकच विषय चालू आहे. जेवताना तोच, गाडीत तोच, भांडी घासतानाही तोच. विषय काय, तर बाइंडिंग. पुस्तकाची नव्हे हो, पाण्यावरच्या स्कीची!

झालंय असं, की आमच्या कन्यारत्नाने यंदा सोळाव्या वर्षी जाहीर केलं, की दोन फळ्यांवर उभं राहणं आता पुरे, यंदा एका फळीवर. म्हणजे स्लालम. जुनी एक स्की गराजमध्ये पडलेली होती, तिच्यावरची बाइंडिंग्ज कडक होऊन तडकलेली. तेव्हा नवी घ्यायची ठरली. आता यात तीन आठवडे बोलण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही पूर्वी असंच वाटायचं. पण या फुटकळ वस्तूबद्दल माझं एक ठाम मत झालेलं आहे, आणि ते फुकट झालेलं नाही. म्हणून आज हे लिहितोय. शिवाय यात एक कबुलीजबाबही आहे, तो पुढे येईलच. सांगलीकडच्या मंडळींनी तेवढ्यापुरतं मन घट्ट करून वाचावं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढे मोटरबोट, मागे ७५ फुटी दोर, दोराच्या टोकाला धरायचा दांडा, आणि तो धरून पाण्यावर घसरत जाणारा माणूस. स्लालममध्ये एकच फळी असते, साधारण साडेपाच फूट लांब. एक पाय पुढे, दुसरा बरोब्बर त्याच्या मागे. स्पर्धेतला स्लालम म्हणजे बोटीच्या सरळ वाटेच्या दोन्ही बाजूंना, मध्यापासून ११.५ मीटरवर, आलटून पालटून सहा बोये. बोट सरळ जाणार, आणि तुम्ही बोटीच्या लाटा कापत या टोकाकडून त्या टोकाकडे. पुरुषांच्या खुल्या गटात बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटर. आम्ही अर्थातच त्यातले नव्हे. आम्ही शनिवार-रविवारवाले. बोये नाहीत, पंच नाहीत, ताशी ४५ च्या आसपास बोट, आणि किनाऱ्यावर बायकोने आणलेला चिवडा.

आम्ही राहतो मिनेसोटात. या खेळाचं माहेर इथलंच. १९२२ च्या जुलैमध्ये लेक सिटी नावाच्या छोट्या गावात, मिसिसिपी नदीवरच्या लेक पेपिनमध्ये, राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने हे पहिल्यांदा जमवलं. आधी त्याने पिंपाच्या फळ्या वापरून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. काही जमेना. शेवटी आठ फूट लांब, नऊ इंच रुंद अशा पाइनच्या दोन फळ्या आणल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवली आणि पाय अडकवायला चामड्याच्या पट्ट्या ठोकल्या. बोट भाऊ चालवत होता. त्या चामड्याच्या पट्ट्या म्हणजे या खेळातली आद्य बाइंडिंग्ज. आपल्या वहाणेच्या पट्ट्याहून फार काही वेगळं नाही! पडलं की पाय आपोआप बाहेर. आज शंभर वर्षांनंतर रबर, निओप्रीन, फोम, दोऱ्या, कार्बनचे कडक बूट इतकं सगळं झालं, पण मूळ प्रश्न तोच राहिला. पाय धरून ठेवायचा कसा, आणि सोडायचा कधी.

आता कबुलीजबाब.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये माझा डावा पाय मोडला तेव्हा मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, की तळघराच्या जिन्यावरून घसरलो. आई, तू त्यावर फोनवर म्हणाली होतीस, "लाकडी जिने कशाला करतात रे ते लोक?" आणि मी "हो ना" म्हणालो होतो. जिन्याचा काहीएक दोष नव्हता. मी स्कीवरून पडलो होतो. आणि नुसता पडलो म्हणून मोडला असंही नाही, पडताना पाय सुटला नाही म्हणून मोडला.

त्या वर्षी मी हौसेने दोन्ही पायांना उंच बूट असलेली नवी बाइंडिंग्ज घेतली होती. दुकानातल्या पोराने सांगितलं, जितकं घट्ट तितकं चांगलं, स्की पायाला त्वचेसारखी चिकटली पाहिजे. मला ते पटलं. मुळात मी देशस्थी घरातला, वस्तू एकदा घेतली की जन्मभर टिकली पाहिजे या मताचा. म्हणून त्यातल्या त्यात जाड, मजबूत, कधी न फाटणारी अशी निवडली. अर्धा नंबर लहान. पायाला चावायची, दहा मिनिटांत बोटं बधिर व्हायची. मग मी काय करायचो, तर पुढच्या बुटाच्या दोऱ्या वरच्या बाजूला थोड्या सैल सोडायचो आणि मागचा बूट तसाच आवळलेला ठेवायचो. म्हणजे घट्टही नाही आणि सैलही नाही, असा भलताच मामला.

संध्याकाळची वेळ होती. लाट ओलांडताना स्कीचं टोक पाण्यात रुतलं आणि मी पुढे फेकला गेलो. मागचा पाय बुटातून निसटला. पुढच्या पायाची टाच अर्धी वर आली, पण पंजा आतच राहिला. साडेपाच फुटांची फळी एका बाजूला फिरली आणि तिच्या बरोबर माझा घोटा. वाळकी डहाळी मोडावी तसा आवाज मी पाण्याखाली ऐकला. नडगीच्या बाजूचं बारीक हाड घोट्याजवळ मोडलं होतं. एक धातूची पट्टी आणि सहा स्क्रू. गंमत बघा, स्कीवरचं बाइंडिंगसुद्धा एका धातूच्या पट्टीवर स्क्रूंनीच बसवतात! डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार तोच आला. असो.

तर आता लेकीसाठी बाइंडिंग घ्यायची म्हटल्यावर माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

तिला हवे होते कडक कवचाचे बूट. तळ्यावर रोज सराव करणारी जी मंडळी आहेत त्यातल्या बऱ्याच जणांकडे तसले आहेत. बाहेर प्लॅस्टिकचं किंवा कार्बनचं कवच, आत मऊ अस्तर. यात पाय बुटातून निसटायचा नसतो. आख्खा बूटच स्कीवरून सुटतो, त्यासाठी खटका असतो किंवा दुसरी काही युक्ती असते, आणि तो किती जोराला सुटावा हे आपण ठरवायचं. रबर ताणून सैल होण्याची भानगड नाही, वर्षानुवर्षं टिकतो. तिचं म्हणणं, बाबा, तुला टिकाऊ पाहिजे ना, मग हेच सगळ्यात टिकाऊ.

मी म्हटलं, अजिबात नाही. आणि मी दुसऱ्या टोकाला गेलो. दुकानात जाऊन तिच्या पायाला एक नंबर मोठं, भरपूर ढगळ, घातलं की पाय आपोआप निघेल असं बाइंडिंग शोधायला लागलो. तिने ते घालून बघितलं, चार पावलं टाकली आणि भर दुकानात मराठीत म्हणाली, "बाबा, तुझ्या पायातली भीती तू माझ्या पायात घालतोयस."

परत येताना गाडीत कोणीच काही बोललं नाही. खोटं कशाला सांगू, लागलं मला ते. पण रात्री पडल्या पडल्या विचार केला, तेव्हा लक्षात आलं की ती नुसतं लागेल असं बोलली नव्हती, बरोबर बोलली होती. माझा पाय मोडला तो बूट घट्ट होता म्हणून, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पण खरं म्हणजे टाच अर्धी वर आली ती वरच्या दोऱ्या सैल होत्या म्हणून. टाच पूर्ण आत असती तर कदाचित सगळा पाय एकदम सुटला असता, किंवा सुटला नसता तरी घोट्याला बुटाचा आधार मिळाला असता. अर्धवट आत आणि अर्धवट बाहेर ही सगळ्यात वाईट अवस्था. आणि ढगळ बाइंडिंग नेमकी तीच अवस्था आयती तयार करून देतं. ढगळ म्हणजे सुरक्षित नव्हे!

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या आजोबांकडे गेलो. वय बहात्तर. अजूनही उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाण्यात. त्यांची पद्धत जुनी. पुढे रबराचा बूट, मागे नुसता पंजा सरकवायचा पट्टा. मागचा पाय कधीही निघतो, आणि पाण्यातून उठतानाही एक पाय मोकळा ठेवून तोल सांभाळता येतो. मी विचारलं, म्हणजे हेच सगळ्यात सुरक्षित ना? त्यांनी हसून पॅन्ट वर केली आणि गुडघ्यावरचा व्रण दाखवला. मागचा पाय निघाला, पुढचा अडकला, गुडघा फिरला. म्हणाले, पाय नक्की सुटेल अशी हमी देणारं बाइंडिंग अजून कोणी बनवलेलं नाही, जो तशी हमी देईल त्याच्याकडून घेऊ नकोस. आपण फक्त शक्यता कमी करायच्या.

त्यांच्या अंगणातून घरी येताना मला एकदम आमचे आजोबा आठवले. गोठ्यात रोज संध्याकाळी ते स्वतः दावी बांधायचे. गडी असला तरी गाठ त्यांचीच. मी लहान असताना एकदा बैल बांधायला गेलो आणि जोर लावून करकचून निरगाठ मारली. आजोबांनी ती सोडायला लावली. नखं दुखली, तरी सुटेना. मग त्यांनी सुरगाठ मारून दाखवली. बैलाने रात्रभर हिसके मारले तरी ढिम्म हलणार नाही, पण माणसाने मोकळं टोक धरून ओढलं की एका झटक्यात सुटणार. म्हणाले, "गाठ बांधताना सोडायचं आधी ठरवावं." त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, नंतर एका उन्हाळ्यात शेजारच्यांची कडब्याची गंजी पेटली तेव्हा कळला. ठिणग्या आमच्या गोठ्यावर यायला लागल्या होत्या. आजोबांनी अंधारात चार दावी चार झटक्यांत सोडली. निरगाठी असत्या तर विळा शोधण्यात वेळ गेला असता.

आता लक्षात घ्या, सुरगाठ म्हणजे सैल गाठ नव्हे. सैल गाठीचा बैल रात्रीतच कोणाच्या तरी उसात असतो. सुरगाठ पूर्ण घट्टच असते. फक्त कधी सुटायचं हे तिला ठाऊक असतं. मी आधी निरगाठ घेऊन पाय मोडून घेतला होता, आणि आता लेकीला सैल गाठ द्यायला निघालो होतो. मधली सुरगाठ माझ्या डोक्यातच आली नव्हती.

तर मंडळी, आता माझं मत. पटलं तर घ्या.

बाइंडिंग घेताना लोक पहिला प्रश्न विचारतात, किती टिकेल? मग, किती घट्ट? आणि पायाला बरं वाटतंय का, हा प्रश्न शेवटी, तोही थोडा लाजत. जणू आराम हा म्हाताऱ्यांचा विषय. माझं म्हणणं, आराम आधी बघा, कारण आराम हीच सुरक्षितता आहे. चावणारा बूट माणूस कधीच नीट घालत नाही. कुठे दोरी सैल सोड, कुठे टाच पूर्ण न बसवता तसंच चालव, असले उद्योग तो करतोच. मी केले. पायाला बसणारा बूट मात्र माणूस जसा घालायला हवा तसाच घालतो.

बसतो की नाही हे बघायचं कसं? मोजे न घालता, अनवाणी पायाने घालायचा. पाय ओला करून घालता आला तर उत्तम, कारण कोरड्या आणि ओल्या पायाचा अनुभव अगदी निराळा असतो. टाच पूर्ण मागे टेकली पाहिजे, बोटं सरळ राहिली पाहिजेत, दुमडता कामा नयेत. गुडघे वाकवून दहा मिनिटं तसंच उभं राहायचं. दोन मिनिटांत सगळेच बूट छान वाटतात! घोट्याची हाडं, पावलाचा उंचवटा आणि करंगळीची बाजू, चावलं तर इथेच चावतं. मग साध्या जोराने टाच वर उचलून बघायची, ती हलता कामा नये. आणि मग चांगला हिसका देऊन, तेव्हा पाय बाहेर आला पाहिजे. दोन्ही जमलं तर ती सुरगाठ.

आता टिकाऊपणा. आपल्याकडे टिकाऊ म्हणजे न फाटणारं, अशी समजूत. आजीच्या पितळी डब्यासारखं. पण बाइंडिंग हा डबा नव्हे. न फाटणारं पण दर वर्षी थोडं थोडं कडक होत जाणारं रबर हे फाटणाऱ्या रबरापेक्षा वाईट, कारण फाटलेलं निदान दिसतं तरी. माझ्या मते टिकाऊ ते, जे पहिल्या दिवशी जसं वागलं तसंच पन्नासाव्या दिवशी वागतं, आणि वागेनासं झालं की ज्याचा तेवढाच भाग बदलता येतो. नुसतं रबर बदलता येतं का, दोऱ्या मिळतात का, हे घेतानाच विचारून ठेवावं. अंगठ्याची वादी तुटली म्हणून कोल्हापुरी कोणी टाकून देतं का? चांभाराकडे नेतो. तसंच.

आणि निम्मा टिकाऊपणा आपल्याच हातात असतो. रबर फाटतं ते बहुतेक वेळा पाण्यात नाही, घालताना फाटतं. कोरड्या पायाने, वरची कड नखांनी धरून ओढली की झालं. नव्या कोल्हापुरीला आपण तेल पाजतो ना, तसं इथे भांड्यांचा साबण पाण्यात कालवून फवाऱ्याच्या बाटलीत भरून ठेवायचा. दोन फवारे, आणि पाय सुळकन आत. स्की दिवसभर उन्हात टाकून ठेवायची नाही, रबराचा शत्रू नंबर एक म्हणजे ऊन. खाऱ्या पाण्यात गेलात तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची. आणि दर वेळी पाण्यात उतरण्याआधी सगळे स्क्रू एकदा तपासायचे. एक मिनिट लागतं.

आणि कडक कवचाचे बूट? त्यांना मी वाईट म्हणत नाही. रोज सराव करणाऱ्यांना, खटका कितीवर ठेवायचा याचा अंदाज असणाऱ्यांना ते योग्य असतील. पण त्यांचं सगळं भलं त्या खटक्याच्या नेमकेपणात आहे. वर्षातून पंधरा दिवस पाण्यात जाणाऱ्या, अजून वजन आणि ताकद वाढत असलेल्या मुलीने तो खटका कितीवर ठेवावा हे मला सांगता येत नाही, आणि जे मला सांगता येत नाही त्याच्या भरवशावर मी तिचा घोटा ठेवणार नाही. हे मी तिला भीती बाजूला ठेवून, याच शब्दांत सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण नंबर माझा मी ठरवणार." ठीक आहे म्हटलं.

शेवटी घेतलं ते असं. पुढे दोऱ्यांचा मऊ बूट, तिच्या मापाचा, एक नंबर मोठा नाही आणि अर्धा लहानही नाही. मागे पंजाचा पट्टा. आधी पुढचा पाय कुठला हे ठरवायचं होतं, तर ती बेसावध उभी असताना तिच्या आईने मागून हलकेच ढकललं. डावा पाय पुढे पडला. म्हणजे डावा. माझाही डावाच!

गेल्या रविवारी पहिल्यांदा पाण्यात गेलो. जूनमधलं इथलं पाणी म्हणजे माठातलंच म्हणायचं, वेटसूट घालूनही दात वाजतात. मी बोटीत मागे तोंड करून बसलो होतो, समोरचे आजोबा बोट चालवत होते. चौथ्या प्रयत्नात ती उठली. सरळ गेली, हसली, मग लगेच लाट ओलांडायला गेली, आणि स्कीचं टोक रुतलं. अगदी तसंच. मी बघतच राहिलो. पाणी उडालं, दांडा मोकळा उड्या मारत आला, आणि स्की एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला. दोन्ही पाय मोकळे.

पडल्यावर ठीक असलो की दोन्ही हात डोक्यावर जोडून दाखवायचे असा संकेत असतो. तो येईपर्यंतचे तीन-चार सेकंद काय होतात हे मी लिहू शकत नाही. हात वर आले. आजोबांनी बोट वळवली.

एका वेळी सुटला म्हणजे दर वेळी सुटेल, असं नाही. हे मला माहीत आहे, तिलाही सांगितलंय. पण पुढच्या रविवारी मी पुन्हा बोटीत बसणार आहे, आणि त्याच्या आधी स्क्रू तपासणार आहे.

आई, जिन्याबद्दल रागावू नकोस. तो जिना अगदी चांगला आहे. तुला खरं सांगायचं मी तेव्हाच ठरवायला हवं होतं. एकदा खोट्याची निरगाठ बसली, ती सोडायला इतकी वर्षं लागली. रविवारी फोन करतोच. नात बोलणार आहे म्हणते, तिला तुझ्याकडून आजोबांच्या गोठ्याची गोष्ट ऐकायची आहे. मी सांगितली, पण मला सगळी येत नाही.